पडवीतला तास

पालक सभेत एका आईने विचारलं, "बाई, वर्गात उजेड कमी आहे म्हणून तर हिला चष्मा लागला नसेल ना?" तिची मुलगी तिसरीत आहे. उजव्या डोळ्याला मायनस सव्वा, डाव्याला मायनस दीड. आई-वडील दोघांनाही चष्मा नाही, आजीला लागला तो साठीनंतर. मागच्या बाकांवरची एक ट्यूबलाइट तेव्हा फडफडत होती आणि ती सभेला आलेल्या सगळ्यांना दिसत होती. मी तिला एवढंच म्हटलं, की ट्यूब या आठवड्यात बदलून घेते, आणि बाकीचं तुमच्याशी निवांत बोलते. ते बाकीचं इतकं वाढत गेलं की लिहूनच काढावं असं वाटलं.

मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. पहिली ते चौथीची मुलं म्हणजे डोळ्यांच्या दृष्टीने फार नाजूक वयातली मुलं. मी नोकरीला लागले तेव्हा चौथीच्या वर्गात एखादा चष्मा दिसायचा आणि त्या मुलाला सगळा गाव ओळखायचा. आता दुसरीत चष्मे दिसतात, आणि ज्यांना लागायला हवेत पण लागलेले नाहीत अशी मुलंही दिसतात. ती ओळखायला यंत्र लागत नाही. फळ्यावर 'घर' लिहिलेलं असतं आणि मूल 'धर' वाचतं. 'भ' आणि 'म' यांत गोंधळ होतो. मग ते डोळे बारीक करतं, मान थोडी तिरकी धरतं, डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावर बोट दाबून कातडी ताणतं, कारण तसं केलं की क्षणभर स्पष्ट दिसतं. काही दिवसांनी ते फळ्याकडे बघणंच सोडतं आणि शेजारच्या वहीतून उतरवून घेऊ लागतं. मास्तर-बाईंना वाटतं मूल आळशी झालं. वर सांगितलेल्या मुलीच्या बाबतीत पहिली खूण अशीच होती. तिची वही स्वच्छ होती, पण शेजारणीच्या चुकांसकट.

डोळा वाढतो, ही गोष्ट आपल्या सहसा ध्यानात येत नाही. नुकत्याच जन्मलेल्या बाळाचा डोळा पुढून मागे साधारण 17 मिलिमीटर असतो, मोठ्या माणसाचा 24 मिलिमीटरच्या आसपास. पहिल्या दोन-तीन वर्षांत तो झपाट्याने वाढतो, मग वाढ मंदावते आणि समोरचं भिंग आणि मागचं दृष्टिपटल यांचा मेळ बसत जातो. गावच्या देवळासमोर पूर्वी पडदा बांधून सिनेमा दाखवत, तेव्हा यंत्र जागच्या जागी ठेवून पडदा मागे सरकवला तर चित्र पुसट व्हायचं. मायनस नंबरच्या डोळ्यात हेच होतं. डोळा लांब होतो, पडदा मागे जातो, आणि लांबच्या वस्तूची प्रतिमा त्याच्या पुढेच तयार होते. एक मिलिमीटर जास्तीची लांबी म्हणजे ढोबळमानाने अडीच ते तीन नंबर. आणि लांब झालेला डोळा पुन्हा आखूड होत नाही. चष्म्याने दिसतं, डोळा तसाच राहतो.

म्हणून कोणत्या वयात लागला याला महत्त्व आहे. सातव्या वर्षी सुरू झालेला मायनस वाढायला पुढची दहा-बारा वर्षं मोकळी असतात. पंधराव्या वर्षी सुरू झालेल्याला तेवढी नसतात. मायनस सहाच्या पुढे गेलेल्या डोळ्यांत पुढे पडदा सुटणं, काचबिंदू, पडद्याच्या मधल्या भागाची झीज यांचा धोका बराच वाढतो. "चष्माच लागला ना, त्यात काय एवढं" हे वाक्य मला त्यामुळे ऐकवत नाही.

आता उजेडाकडे येते. त्या आईला आलेली शंका नवी नाही, दीडशे वर्षांहून जुनी आहे. ब्रेस्लाउ नावाच्या तेव्हाच्या प्रशियातल्या शहरात, जे आज पोलंडमध्ये आहे, हर्मन कोन नावाचे नेत्रतज्ज्ञ होते. त्यांनी 10,060 शाळकरी मुलांचे डोळे तपासले आणि 1867 मध्ये निष्कर्ष छापले. खेड्यातल्या शाळांत मायोपिया, म्हणजे हाच मायनस नंबर किंवा निकटदृष्टी, 1.4 टक्के मुलांना, शहरातल्या उच्च विद्यालयांत 26.2 टक्क्यांना. वरच्या इयत्तेत जावं तसं प्रमाण आणि नंबर दोन्ही वाढत जाणारे. कोन यांनी अंधारे वर्ग आणि चुकीच्या मापाची बाकं यांना दोष दिला. वर्गाच्या जमिनीच्या किमान एक पंचमांश इतकं खिडक्यांचं क्षेत्रफळ हवं, असा आग्रह धरला. माझ्या वर्गाच्या खिडक्या मी टेपने मोजल्या. त्या हिशेबात बसत नाहीत, आणि जेवढ्या आहेत त्यांतल्या दोन कपाटांनी अर्ध्या झाकलेल्या आहेत.

पुढे विसाव्या शतकात हा विचार मागे पडला. चष्मा घराण्यात असतो, आई-वडिलांकडून येतो, असं मानलं जाऊ लागलं. त्यात तथ्य आहे. दोन्ही पालकांना मायनस असेल तर मुलाला तो लागण्याची शक्यता जास्तच असते. पण घराणी दोन पिढ्यांत बदलत नाहीत, आणि चष्मे मात्र दोन पिढ्यांत कुठल्या कुठे गेले. दक्षिण कोरियात सैन्यभरतीसाठी आलेल्या सोलमधल्या 19 वर्षांच्या मुलांची तपासणी झाली, तर 96.5 टक्के मुलांना मायोपिया निघाला. 2016 मध्ये ब्रायन होल्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरची आकडेवारी एकत्र करून अंदाज मांडला, की 2050 पर्यंत जगातली निम्मी माणसं निकटदृष्टीची असतील.

शिक्षिका म्हणून मला सगळ्यांत जड गेलेला अभ्यास ब्रिटनमधला, 2018 चा. तिथे जनुकांची माहिती वापरून तपासलं गेलं, की शिक्षणामुळे मायोपिया होतो की मायोपिया असलेली मुलं जास्त शिकतात. उत्तर पहिल्या बाजूचं निघालं. शिक्षणाच्या प्रत्येक वर्षामागे सरासरी सुमारे पाव नंबर. म्हणजे मी जे काम करते, त्याच कामाची ही किंमत मुलांच्या डोळ्यांतून वसूल होते. शाळा बंद करणं हा काही उपाय नव्हे. शिकण्यामुळे गावातल्या मुलींचं आयुष्य किती बदललं ते मी रोज बघते. पण शाळा ज्या पद्धतीने भरते, ती पद्धत बदलता येते का, हे तरी बघायला हवं.

मोबाइलवर उजेड मोजायचं ॲप मिळतं. ते काटेकोर नसतं, फोनागणिक आकडा बदलतो, पण पाच आणि पन्नास यांतला फरक त्याला कळतो. जुलैच्या एका सकाळी, दाट ढग असताना, मी ते घेऊन शाळाभर हिंडले. फोन मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर, ती जिकडे बघतात तिकडे तोंड करून धरला. मागच्या बाकावर, ट्यूब पेटलेली असताना, आकडा शंभर लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आसपास घुटमळत होता. खिडकीजवळच्या बाकावर तीनशे-चारशे. वर्गासाठी आपल्याकडे साधारण 300 लक्स पुरेसे धरतात, म्हणजे खिडकीजवळचं मूल त्या मापात बसत होतं. मग मी दार ओलांडून पडवीत आले. पाऊस पडत होता, कौलांवरून पागोळ्या गळत होत्या, आणि माझ्या डोळ्यांना तर तो दिवस अंधाराच वाटत होता. आकडा दोन हजारांच्या वर होता. पाऊस थांबल्यावर अंगणातल्या आंब्याखाली तो आणखी कितीतरी पट वर गेला.

आपले डोळे इतक्या सहज जुळवून घेतात की शंभर आणि दोन हजार यांतला वीसपट फरक आपल्याला 'जरा उजेड जास्त' एवढाच वाटतो. भर उन्हात हाच आकडा लाखापर्यंत जातो. अक्षर दिसण्यापुरता उजेड आणि वाढत्या डोळ्याला लागणारा उजेड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शाळेच्या इमारती पहिल्याचा विचार करून बांधल्या जातात, दुसऱ्याचा विचार कुणाच्या नकाशात नसतो.

दुसऱ्याची गरज का, याबद्दल बरंच काही हाती आलेलं आहे. डोळ्यात भरपूर उजेड शिरला की दृष्टिपटलात डोपामिन नावाचं रसायन जास्त स्रवतं आणि ते डोळ्याच्या लांबीला आवर घालतं, असं संशोधकांना दिसतं. 2009 मध्ये जर्मनीत कोंबडीच्या पिल्लांच्या डोळ्यांवर धूसर झाकण लावून कृत्रिम मायोपिया निर्माण केला. दिवसातले काही तास 15,000 लक्समध्ये ठेवलेल्या पिल्लांत तो 500 लक्समधल्यांपेक्षा बराच कमी झाला. पिल्लं म्हणजे मुलं नव्हेत, हे मान्य. पण मुलांबाबतचे अभ्यास त्याच दिशेला बोट दाखवतात.

त्यांतला सिडनी आणि सिंगापूरचा अभ्यास मी शिक्षकांच्या बैठकीत सांगते, कारण तो ऐकल्यावर माणसं गप्प होतात. दोन्हीकडची मुलं चिनी वंशाची, सहा-सात वर्षांची. घराणं, रक्त, पालकांचे चष्मे, सगळं तोलामोलाचं. सिंगापुरात 29.1 टक्के मुलांना मायोपिया, सिडनीत 3.3 टक्क्यांना. सिडनीची मुलं वाचन कमी करत होती म्हणावं तर तसंही नाही, ती आठवड्याला जास्त पुस्तकं वाचत होती. मोठा फरक होता तो घराबाहेरच्या वेळेत. सिडनीत आठवड्याला जवळजवळ 14 तास, सिंगापुरात सुमारे 3. हे 2008 मध्ये छापून आलं.

मग चीनमधल्या ग्वांगझूमध्ये काही प्राथमिक शाळांनी पहिलीच्या मुलांना रोज 40 मिनिटांचा एक जादा तास मैदानावर दिला. तीन वर्षांनी त्या शाळांत 30.4 टक्के मुलांना नव्याने मायोपिया झाला होता, तास न दिलेल्या शाळांत 39.5 टक्क्यांना. फक्त चाळीस मिनिटं. दिल्लीतल्या शाळकरी मुलांवर एम्सच्या डॉक्टरांनी केलेल्या पाहणीतही आठवड्याला 14 तासांहून जास्त वेळ बाहेर खेळणाऱ्या मुलांत मायोपिया कमी दिसला, म्हणजे रोजचे दोन तास. तैवानने तर 2010 पासून मुलांना दिवसाला 120 मिनिटं बाहेर काढायचं धोरणच राबवलं, आणि वर्षानुवर्षं वाढत चाललेलं अधू दृष्टीचं प्रमाण पुढच्या काही वर्षांत उतरणीला लागलं.

वर्गातला उजेड वाढवून काहीच होत नाही असंही कुणी समजू नये. ईशान्य चीनमध्ये काही शाळांचे दिवे बदलून उजेड शंभराच्या आसपास होता तो पाचशेच्या जवळ नेला. वर्षभराने तिथे नव्याने चष्मा लागलेली मुलं 4 टक्के होती, दिवे न बदललेल्या शाळांत 10 टक्के. अभ्यास लहान होता, पण तेवढ्यावरही मी ट्यूब बदलून घेण्यासाठी अर्ज करीन. भिंतीच्या खालच्या अर्ध्या भागाला मळ दिसू नये म्हणून गडद ऑइल पेंट मारायची आपल्याकडे रीत आहे, तीही बदलावी असं मला वाटतं. छताला पांढरा रंग, कपाटं खिडकीपासून दूर, आणि महिन्याला बाकांची फिरवाफिरव. यांतल्या कशालाच मोठा खर्च नाही.

उजेडाबद्दल घाईने काही ठरवू नये, हेही या विषयानेच शिकवलं आहे. 1999 मध्ये एक अभ्यास गाजला होता, की दोन वर्षांच्या आतलं मूल रात्री दिवा लावून झोपलं तर त्याला पुढे मायोपिया होतो. कितीतरी घरांत झिरोचे बल्ब बंद झाले असतील. पुढच्याच वर्षी इतरांनी तपासलं तर तसं काही आढळलं नाही. चष्मा असलेले पालक रात्री दिवा जास्त लावून ठेवतात, आणि मुलाला चष्मा त्यांच्याकडून येतो, असं त्यातून दिसलं. म्हणून मी आईबापांना दिव्यांची भीती घालत नाही, आणि फक्त मोबाइललाही झोडपत नाही. मोबाइल मुलाला जवळ बघायला लावतो हे खरंच, पण त्याहून मोठं नुकसान हे की तो मुलाला घरात बसवून ठेवतो.

मला या सगळ्यात आमचा गोवा दिसत राहतो. आमची जुनी घरं आतून अंधारी. खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांच्या चकत्या, त्यांतून येणारा उजेड दुधासारखा आणि बेताचा. माजघरात भरदुपारी दिवा लागायचा. पण त्या अंधाऱ्या घरांत मुलं राहायची कुठे? ती दिवसभर राजांगणात म्हणजे घरामधल्या चौकात, कुळागरात म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, शेताच्या बांधावर, देवळाच्या आवारात. पोर्तुगीज काळात गावच्या मराठी शाळा देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे भाविकांच्या उतरायच्या जागेत, किंवा कुणाच्या तरी पडवीत भरत. धूळपाटीवर बोटाने गिरवलेलं अक्षर वितीएवढं मोठं असायचं आणि समोर उघडं अंगण असायचं. त्या काळाचे गोडवे मला गायचे नाहीत, कारण त्या पडवीत मुली नव्हत्या आणि बहुजनांच्या मुलांना जागा नव्हती. मुक्तीनंतर गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या सरकारने गावोगाव प्राथमिक शाळा काढल्या, म्हणून माझी आई शिकली आणि म्हणून मी आज बाई आहे. मात्र तेव्हा बांधलेल्या कितीतरी शाळांना पुढे लांब पडवी ठेवलेली असायची. कौलारू छप्पर, कमरेएवढी भिंत, बाकी सगळं मोकळं. गोव्याच्या हवेला यापेक्षा शहाणी रचना मला माहीत नाही.

आता त्या पडव्यांचं काय झालं ते सांगते. कुठे ग्रिल आणि पत्रे लावून तिथे स्टोअररूम केली. कुठे अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवून जादा वर्ग काढला. कुठे पावसाच्या बाजूला जाड निळी ताडपत्री जूनमध्ये बांधतात ती दिवाळीलाच उतरते. पूर्वी चुडतांचे, म्हणजे माडाच्या झावळ्यांचे, झाप बांधत, त्यांच्या फटींतून निदान उजेड तरी यायचा. वर्गात स्मार्ट टीव्ही आला, त्यावर चकाकी येते म्हणून खिडक्यांना पडदे आले. प्रत्येक गोष्ट चांगल्या हेतूने केलेली आहे. सगळ्यांची बेरीज मात्र अशी झाली, की मूल सकाळी आठला शाळेत शिरतं आणि मधल्या सुटीतली दहा-पंधरा मिनिटं सोडली तर सुटेपर्यंत त्याला आकाश दिसत नाही. पावसाळ्यात ती सुटीही वर्गातच जाते. घरी गेल्यावर जेवण, ट्यूशन, टीव्ही. संध्याकाळी ढग भरून आले की आजीची हाक येते, "पावस येतलो, भितर यो!" पर्वरी-फातोर्ड्याच्या फ्लॅटमधल्या मुलांना तर बाहेर पडायचं म्हणजे कुणीतरी मोठं माणूस मोकळं असावं लागतं.

गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. शाळेचं पहिलं सत्र म्हणजे पाऊसच. ग्वांगझूचं अनुकरण करून 'रोज मैदानावर न्या' असं इथे परिपत्रक काढलं, तर ते पहिल्याच आठवड्यात भिजून जाईल. म्हणून तैवानच्या 2018 मधल्या एका अभ्यासाने मला धीर दिला. तिथे मुलांच्या अंगावर उजेड मोजणारी छोटी यंत्रं लावली होती. निष्कर्ष असा, की प्रखर उन्हाची गरज नाही. हजार लक्सच्या वरचा उजेड पुरेसा वेळ मिळाला तरी फायदा होतो, मग तो झाडाच्या सावलीत मिळो की वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात. ते वाचताना मी आमच्या पडवीतच बसले होते. पागोळ्यांच्या आत, कोरड्या जागी, दोन हजार लक्समध्ये.

तेव्हापासून आमच्या शाळेत परिसर अभ्यासाचा तास आणि पाढे पडवीत होतात. कवितेचा तासही. लिहायचं काम असेल तेव्हा आत, ऐकायचं-बोलायचं असेल तेव्हा बाहेर. गोव्यातल्या कितीतरी मराठी शाळांत पटसंख्या घटल्यामुळे एकाच शिक्षकाला चारही वर्ग सांभाळावे लागतात. अशा ठिकाणी ही सोय आणखी उपयोगी पडते. दाराच्या चौकटीत उभं राहिलं की आत तिसरी-चौथी गणितं सोडवताना दिसते आणि बाहेर पहिली-दुसरी पाढे म्हणताना. शेजारच्या गावातल्या एका मास्तरांनी हेच केलं आणि त्यांना आवाजाचा त्रासही कमी झाला. पडवीत मुलांचं लक्ष उडतं, हा आक्षेप मी ऐकला आहे. उडतं, खरं आहे. बेडूक आला की पाढा थांबतो. पण त्या वेळी मुलं डोळे वर करून चाळीस-पन्नास हात लांब बघत असतात, आणि जवळ बघून थकलेल्या डोळ्याला तेही हवंच असतं. वर्गातल्या भिंतीवर त्याला एवढं लांबचं काहीच मिळत नाही.

ज्यांना चष्मा लागून गेला आहे त्यांच्याबद्दल थोडं. बाहेरचा उजेड चष्मा लागू नये म्हणून जितका उपयोगी पडतो, तितका तो लागल्यानंतर नंबर रोखायला पडतो का, याचे पुरावे कमी भक्कम आहेत. त्यासाठी आता कमी तीव्रतेचे ॲट्रोपिनचे थेंब आणि खास बनावटीचे चष्मे आहेत, आणि तो निर्णय डोळ्यांच्या डॉक्टरांचा. मी एका गोष्टीवर मात्र पालकांशी भांडते. "चष्मा घातला की नंबर वाढतो" म्हणून तो घरी ठेवायचा, किंवा डॉक्टरांकडून मुद्दाम कमी नंबरचा मागून घ्यायचा, हे करू नका. मलेशियात 2002 मध्ये हेच तपासलं होतं, आणि कमी नंबरचा चष्मा दिलेल्या मुलांचा मायोपिया पूर्ण नंबरवाल्यांपेक्षा जास्त वाढला. मुलींचे चष्मे दप्तरात लपलेले असतात, कारण आतापासून घरात कुणीतरी "पुढे लग्नाला अडचण" असं बोलून गेलेलं असतं. आठ वर्षांच्या मुलीच्या कानावर हे घालू नये, हात जोडून सांगते.

त्या तिसरीतल्या मुलीने चष्मा आला त्या दिवशी शाळा सुटल्यावर थांब्यावर उभी राहून वळणावरच्या कदंबा बसची पाटी मोठ्याने वाचली. "साखळी!" मग बस जवळ यायच्या आत खालची बारीक अक्षरंही वाचली. तिच्याबरोबरच्या दोघींना ती दिसत होतीच, त्यांना कळेना यात ओरडण्यासारखं काय आहे. मला ते बघून आनंद झाला आणि वाईटही वाटलं, कारण गेलं वर्षभर ही मुलगी पाटी वाचता येत नसलेल्या बसमध्ये रंगावरून आणि ड्रायव्हरकाकांवरून ओळखून चढत होती. पहिलीला प्रवेश घेतानाच प्रत्येक मुलाचे डोळे तपासून घ्यावेत, आणि त्यानंतर दर वर्षी. शाळेत सहा मीटरवर तक्ता लावून एक-एक डोळा झाकून वाचायला लावणं हे काम शिक्षकही करू शकतात. निदान कुणाला डॉक्टरकडे पाठवायचं ते कळतं.

यंदा शाळा व्यवस्थापन समितीपुढे मी दोन मागण्या ठेवल्या आहेत. पश्चिमेची ताडपत्री काढून तिथे छप्पर तीन फूट पुढे वाढवावं आणि वरती पारदर्शक पत्रा घालावा, म्हणजे झड अडेल आणि उजेड अडणार नाही. आणि दोन्ही वर्गांच्या छपरात चार-चार काचेची कौलं बसवावीत. आमच्या गावात गोठ्यालाही काचेचं कौल असतं, वर्गाला का नसावं हा प्रश्न समितीतल्या एका आजोबांनीच विचारला. पैशांचं अजून ठरायचं आहे. पालकांच्या दोन तक्रारी आल्या, गणवेशाला चिखल लागतो आणि मुलांना सर्दी होते. चिखल लागणारच. सर्दीचं म्हणाल तर ओले पाय पुसले की बरंच काम होतं. म्हणून पालकांना विनंती आहे की सोमवारपासून दप्तरात एक जुना टॉवेल टाका, आणि शक्य असेल तर मोज्यांचा एक कोरडा जोड. उन्हाळ्यात टोपी चालेल, टोपी घातली तरी डोळ्यांपर्यंत वर्गापेक्षा कितीतरी जास्त उजेड पोचतो. सकाळची प्रार्थना यापुढे पाऊस असला तरी पडवीतच होईल. ज्या पालकांना उजेड स्वतः मोजून बघायचा असेल त्यांनी फोन घेऊन मधल्या सुटीत या, मी दाखवते.